साधा फाऊल

आम्ही साताऱ्याकडचे. वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते आणि आम्ही शिरवण्यात दोन खोल्यांत राहायचो. शाळेच्या मैदानात बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट होतं. पीटीच्या सरांनी नुसती उंची बघून मला तिथे उभं केलं आणि पुढची नऊ वर्षं मी खेळले. शाळा, कॉलेज, मग जिल्हा. फार मोठी खेळाडू नव्हते. पण रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून उडालेला बॉल पकडायला, मला कुणी जागेवरून हलवू शकत नसे, कारण आमच्या कोचनी एक गोष्ट पक्की शिकवली होती. रेफरी बॉलकडे बघतो. तो बॉलकडे बघत असताना समोरचीच्या बरगडीत कोपर दाबायचं, तिच्या शॉर्ट्सचा काठ धरून ठेवायचा, ती उडी मारायच्या बेतात असली की तिच्या बुटावर बूट ठेवायचा. मी हे सगळं केलंय. एकदा ठाण्याच्या एका मुलीचा ओठ माझ्या कोपराने फाटला. मी लगेच हात वर करून 'चुकून झालं' असा चेहरा केला. रेफरीने मान डोलावली आणि खेळ पुढे सुरू झाला.

हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं त्यात 'मला कळलंच नाही' असं म्हणायला मला जागा नाही. मुद्दाम मारलेलं कोपर कसं दिसतं, हे पुढे रेफरी झाल्यावर मला बाकीच्या रेफरींपेक्षा जास्त माहीत होतं.

लग्न झालं, नेरूळला फ्लॅट झाला, एका शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली. खेळणं सुटलं. मुलगी जरा मोठी झाल्यावर मी रेफरीची परीक्षा दिली आणि पास झाले. जिल्ह्यात बायका रेफरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे मुलींच्या मॅचेस भराभर मिळायला लागल्या. रविवार त्यातच जायचा. नवरा म्हणायचा, "आठवडाभर ऑफिसात ओरडा खातेस, रविवारी तिकडे जाऊन खा." मला ते आवडायचं. राखाडी शर्ट, काळी पँट, गळ्यात शिट्टी. मी हात वर केला की दहा जणी थांबायच्या.

मुद्दाम केलेल्या धसमुसळेपणाचं काय करायचं, हे नियमांच्या पुस्तकात अगदी स्वच्छ लिहिलेलं असतं. खेळाच्या ओघात धक्का लागला तर साधा फाऊल. रेफरी मूठ वर करतो आणि विषय संपतो. बॉल खेळायचा प्रयत्नच नसेल, किंवा धक्का गरजेपेक्षा फार जोरात असेल, तर अनस्पोर्ट्समनलाइक. आम्ही त्याला नुसतं 'यू' म्हणतो. दोन्ही हात डोक्यावर नेऊन एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरायचं. असे दोन झाले की खेळाडू बाहेर. आणि सरळसरळ इजा करायलाच केलेलं असेल, तर दोन्ही मुठी वर. डिस्क्वालिफाइंग. ती मुलगी बेंचवरसुद्धा बसू शकत नाही, मैदान सोडून जायचं. पुस्तकात एवढंच आहे. मनगट धरण्याआधी त्या एका सेकंदात रेफरीच्या डोक्यात काय काय येऊन जातं, ते पुस्तकात नाही.

ती मॅच महिला खुल्या गटाची सेमीफायनल होती. नेरूळमध्येच, पत्र्याचं छत असलेल्या कोर्टवर, रविवारी सकाळी. एका बाजूला आयोजक क्लबची टीम, दुसऱ्या बाजूला बेलापूरकडच्या मुलींची टीम. आयोजकांची अकरा नंबर त्या स्पर्धेतली सगळ्यात दणकट खेळाडू होती. समोरच्या टीमची सात नंबर बारीक, काळीसावळी, दिवाळे गावची कोळ्यांची पोर. महापालिकेच्या शाळेत खेळ शिकलेली. तिच्या हातात बॉल आला की कोर्टच्या कडेला उभे असलेले लोक बोलायचे थांबत. लांबून मारलेला बॉल रिंगला न लागता जाळीतून पडायचा. त्या मोसमात राज्याच्या निवड चाचणीला तिचं नाव होतं, आणि खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळेल अशी घरच्यांची आशा होती. हे मला मॅचच्या आधी माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

माझ्यासोबत जे दुसरे रेफरी होते, ते वयाने मोठे. मला शिट्टी वाजवायला त्यांनीच शिकवलं. मी त्यांना सर म्हणते. मॅच सुरू व्हायच्या आधी आयोजकांपैकी एक जण आमच्याकडे आला. हातात पाण्याच्या बाटल्या होत्या.

"मॅडम, सर, आज पाहुणे येणारेत. जरा खेळ चालू राहू द्या हां. सारखं शिट्टी, फ्री थ्रो, शिट्टी, फ्री थ्रो, लोक बोअर होतात."

सर हसले. मीही हसले. त्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. आणखी एक गोष्ट होती, तीही सांगून टाकते. राज्य पातळीच्या रेफरी परीक्षेला माझं नाव पाठवायचं की नाही, हे त्याच महिन्यात ठरणार होतं आणि ते ठरवणारे लोक या आयोजकांच्याच उठण्याबसण्यातले होते. कुणी मला तसं सुचवलं नाही. सुचवायची गरजच नव्हती.

पहिल्या क्वार्टरमध्ये सात नंबरने लागोपाठ तीन बास्केट केले. त्यानंतर अकरा नंबरच्या कोचने तिला हाक मारून काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण तिने मान हलवली ती मी पाहिली. पुढच्याच चालीत बॉल पलीकडच्या कोपऱ्यात असताना अकरा नंबरने सात नंबरच्या बरगडीत कोपर घातलं. बॉल तिच्यापासून तीस फूट लांब होता. सात नंबर वाकली, तोंडाने श्वास घ्यायला लागली.

मी शिट्टी वाजवली. हात वर गेला. त्या सेकंदात मला दिसत होतं ते असं : आत्ता यू दिला, तर अकरा नंबर एका चुकीवर येऊन ठेपेल. अजून एक झाली की ती बाहेर, आयोजकांची टीम संपली, पहिल्या क्वार्टरमध्येच मॅच संपली, पाहुणे यायच्या आधी. मी मूठ वर केली. साधा फाऊल. मग दोन्ही कॅप्टनना बोलावून म्हणाले, "हात सांभाळून. पुढच्या वेळी ऐकणार नाही." असं बोललं की आपण काहीतरी केलंय असं वाटतं.

सात नंबर माझ्या जवळून जाताना म्हणाली, "मॅडम, ती मुद्दाम करते."

"तू खेळ. मी बघतेय," मी म्हणाले.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये ते दुसऱ्यांदा झालं आणि या वेळी जास्त वाईट. सात नंबरने लांबून बॉल मारला. मारणारी हवेत असते तेव्हा तिची नजर बॉलवर असते, खाली काय आहे ते तिला दिसत नाही. अकरा नंबरने तिच्या उतरायच्या जागेवर पाऊल सरकवलं. सात नंबर त्या पावलाच्या कडेवर उतरली, घोटा वळला, पण सावरली. शिट्टी सरांनी वाजवली. ते मागच्या बाजूला होते, त्यांना हात लागलेला दिसला, पाय दिसला नाही. पाय माझ्या समोर होता.

अशा वेळी करायचं काय, तेही ठरलेलं असतं. फाऊल टेबलावर स्कोअर लिहिणाऱ्यांना कळवायच्या आधी दुसऱ्या रेफरीने जवळ जायचं, मला असं असं दिसलं म्हणून सांगायचं, आणि दोघांनी मिळून ठरवायचं. पाच पावलं चालायची होती. सरांनी माझ्याकडे पाहिलं, भुवया वर केल्या. काही आहे का? मी मान हलवून नाही म्हटलं.

मी नाही का म्हटलं, याचा विचार मी इतका केलाय की आता खरं कारण कुठलं आणि नंतर जुळवलेलं कुठलं, ते मलाच सांगता येत नाही. सरांच्या शिट्टीवर बोट ठेवल्यासारखं झालं असतं. मग पहिल्या क्वार्टरला साधा का दिला, असं समोरच्यांनी विचारलं असतं. पाहुणे येऊन बसले होते. पाण्याची बाटली. परीक्षा. यातलं सगळंच थोडं थोडं असेल.

सात नंबरने या वेळी काही तक्रार केली नाही. बुटाची नाडी घट्ट बांधली आणि फ्री थ्रो मारायला उभी राहिली.

शेवटच्या क्वार्टरची चार मिनिटं उरली होती. बेलापूरच्या मुली दोन पॉइंटने मागे होत्या. सात नंबरने उजव्या कोपऱ्यातून उडी मारली. अकरा नंबर धावत आली, हात वर केल्याचं नाटकसुद्धा तिने केलं नाही, आणि पूर्ण पाऊल आत घातलं. या वेळी गुडघा गेला. आवाज झाला. ओलं फडकं झटकल्यासारखा. पत्र्याखाली तो सगळ्यांना ऐकू गेला असावा, कारण एकदम शांतता झाली. मग ती किंचाळली.

बॉल बास्केटमध्ये गेला होता. तीन पॉइंट धरले गेले.

मी दोन्ही मुठी वर केल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अकरा नंबर माझ्याकडे बघत राहिली, तिला खरंच समजत नव्हतं. तिचा कोच बेंच सोडून आत आला.

"मॅडम, हे काय? डिस्क्वालिफाय?"

"मुद्दाम पाय घातला. मी पाहिलं."

"मघाशीही तसंच झालं होतं ना? मघाशी तुम्ही दोघांनी साधा दिलात. पहिल्या क्वार्टरला तुम्ही स्वतः साधा दिलात. मग आत्ताच काय झालं? पोरगी पडली म्हणून?"

तो माणूस लबाड होता, ती चाल त्यानेच शिकवलेली असणार, आणि तरी त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. मी फक्त दरवाजाकडे बोट दाखवलं. अकरा नंबर रडत बाहेर गेली. सात नंबरला चौघींनी उचलून रिक्षात घातलं. तिच्या जागेवर आलेल्या मुलीने फ्री थ्रो मारला, तो रिंगच्या जवळपासही गेला नाही. त्या मुली हरल्या.

डिस्क्वालिफाइंग दिला की रिपोर्ट लिहावा लागतो. मी त्याच दुपारी लिहिला. 'इजा करण्याच्या हेतूने' असे शब्द घातले. आधीच्या दोन प्रसंगांबद्दल मात्र एक ओळही लिहिली नाही. कागद दोनदा पुढे ओढला, दोनदा ठेवून दिला.

शिस्त समितीसमोर आम्हाला बोलावलं, तेव्हा बेलापूरच्या टीमकडून कुणीच आलं नव्हतं. त्यांना वेळ कळवली होती की नाही, मी विचारलं नाही. सर म्हणाले, "माझ्या बाजूने मला तसं दिसलं नाही. खेळाच्या ओघात झालं असावं." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना दिसलंच नव्हतं. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"मॅडम, हेतू तुम्हाला कसा दिसला? हेतू डोक्यात असतो."

"सर, पाऊल कुठे ठेवलं ते दिसतं."

"आणि याच्या आधी तिने असं काही केलं होतं? कारण स्कोअरशीटवर तर दोन साधे फाऊल आहेत."

मी म्हणाले, "ते... साधे नव्हते."

"पण तुम्ही साधे दिलेत."

"हो."

अकरा नंबर कोपऱ्यात तिच्या आईशेजारी बसली होती. मैदानाबाहेर ती फार लहान दिसत होती. वीस वर्षांची असेल. सारखी ओढणीचं टोक पिळत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मला सांगितलं होतं तिला थांबव." कुणी सांगितलं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. एका मॅचची बंदी दिली. ती मॅच म्हणजे फायनल, जी समिती बसायच्या आधीच होऊन गेली होती. तिच्याशिवायही तिची टीम ती जिंकली होती.

सात नंबरच्या गुडघ्याचं लिगामेंट पूर्ण तुटलं होतं. सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशनची तारीख मिळायला महिने गेले. निवड चाचणी तोवर होऊन गेली. हे सगळं मला कानावर येत होतं आणि मी जाईन जाईन म्हणत जात नव्हते. शेवटी एका दुपारी शाळेतून हाफ डे घेतला आणि बसने दिवाळ्याला गेले.

जेट्टीकडे जाणाऱ्या गल्लीत घर सापडलं. सात नंबर फिजिओथेरपीला गेली होती. आई ओट्यावर बसून जवळा निवडत होती. मी कोण ते सांगितलं. तिने हात थांबवला नाही.

"बस. पानी देऊ?"

"नको. तिची तब्येत..."

"चालते. जिना नाय चढाला जमत." सुकत टाकलेल्या मासळीवरून कावळे हाकलायला एक म्हातारा काठी आपटत होता. "ती बोलत होती, मॅडम चांगल्या हायेत. मॅडम बोलल्या, मी बघते."

"हो. मी बोलले होते."

"मग तुमी बगत व्हता ना?"

"बघत होते."

तिने मान वर केली. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. "बगत व्हता, आनी त्या दुसरीला भायेर काडली नाय?"

मी काहीतरी सांगायला लागले. साधा फाऊल, दुसरा फाऊल, टेबल, नियम. अर्ध्यात थांबले. तिने जवळ्यातली एक काडी वेचून बाजूला टाकला आणि म्हणाली, "ऱ्हाव दे. तुमचा कामच तो हाय, तुमाला म्हाईत." मी उठले. माफी मागायची म्हणून गेले होते, तो शब्द तोंडातून निघालाच नाही. निघाला असता तरी त्याचं त्या बाईने काय केलं असतं?

त्यानंतर मी बदलले, असं मला वाटतं. पहिलं कोपर दिसलं की मनगट धरायचं, स्पर्धा कुणाची का असेना. एका आंतरशालेय मॅचमध्ये पहिल्या पाच मिनिटांत दोन यू दिले. पालक उठून उभे राहिले. "ओ बाई, पोरं आहेत ती, खेळू द्या की!" एका कोचने टीम बाहेर काढली आणि मॅच सोडून दिली. आणखी दोन-तीन ठिकाणी तसंच झालं. मला वाटलं होतं, कडक राहिलं की मुली सांभाळून खेळतील. त्या मी असताना सांभाळून खेळायच्या. पुढच्या रविवारी दुसरे रेफरी असले की पुन्हा तेच. शिकवणारे बदलले नव्हते. मग माझ्या नावापुढे मॅचेस कमी व्हायला लागल्या. तक्रार अशी कुणी केली नाही. सरच एकदा फोनवर म्हणाले, "तू जरा जास्तच मनाला लावून घेतलंस. एका मॅचसाठी सगळ्या मॅचेस खराब करायच्या का?" राज्याच्या परीक्षेला माझं नाव गेलं नाही. त्याचं मला पूर्वी वाटलं असतं तितकं वाटलं नाही.

सात नंबर मला भेटली ती दोन वर्षांनी, उरणच्या बसमध्ये. द्रोणागिरीला एका गोदामात लागली होती, खोक्यांवरचे कोड स्कॅन करायचं काम. तिने स्वतःहून हाक मारली. बसायला जागा दिली.

"खेळतेस का थोडंफार?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"नाय मॅडम. बघत पन नाय." मग ती हसली, मलाच बरं वाटावं म्हणून. "आठ तास उभं ऱ्हावं लागतं ना. गुडघा सुजतो."

तिचा थांबा आला. "येते मॅडम," म्हणाली. लंगडत नव्हती, पण दांडा घट्ट धरून एकेक पायरी करत उतरली.

आता मला कोर्टवर बोलवत नाहीत. टेबलावर बसवतात. स्कोअरशीट भरायची, कुणाचे किती पॉइंट, कुणाचे किती फाऊल. नाही म्हणता आलं असतं, पण रविवारी घरी बसवत नाही. गेल्या रविवारी सोळा वर्षांखालच्या मुलींची मॅच होती. पलीकडच्या बाजूला एक मुलगी उडी मारत होती आणि दुसरीने तिच्याखाली पाऊल सरकवलं. टेबलावरून ते अगदी समोर दिसतं. रेफरी तरुण होता, बॉलकडे बघत होता. मुलगी कशीबशी उतरली, अडखळली, उभी राहिली. त्याला हात लागलेला दिसला, शिट्टी वाजली. मी खुर्चीतून अर्धी उठले. टेबलावरच्या माणसाने कोर्टमध्ये बोलायचं नसतं, तसा नियम आहे. तरी मी म्हणाले, "सर, पाय बघा तिचा."

तो माझ्याकडे वळला. "काय मॅडम?"

"पाय घातला तिने खाली."

त्याने आयोजकांच्या खुर्च्यांकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे, आणि मूठ वर केली. बोटांनी नंबर दाखवला. माझ्या शेजारचा टायमरवाला म्हणाला, "लिहा ना मॅडम, घड्याळ थांबलंय."

मी त्या मुलीच्या नंबरापुढे साधा फाऊल लिहिला.